पश्चिमेची भिंत

ताई, काल पुन्हा तुझ्या घरी जाऊन आलो. कर्वेनगरच्या नाही, मुठा खोऱ्यातल्या. या आठवड्यातली ही चौथी खेप. काम होतं असं नाही. सकाळी वारज्याच्या ऑफिसात बसलो, दोन फोन केले, एका इमारतीचा नकाशा उघडला, मिटला आणि गाडीची किल्ली उचलली. वृंदा विचारते, "अहो, तिथे जाऊन तुम्ही करता तरी काय?" मला सांगता येत नाही. घराभोवती फेऱ्या मारतो. ओट्यावर बसतो, लगेच उठतो. बबनराव त्यांचं काम करत असतात. मी आलेला दिसलो की ते थापी खाली ठेवत नाहीत, फक्त मान हलवतात.

तू जाऊन अडीच महिने झाले. भेटायला येणारा प्रत्येक जण सांगतो, हळूहळू मन बसेल. नुसती आठवण येत असती तर बसलंही असतं.

पंचवीस-तीस वर्षं तू दुसऱ्यांच्या घरांचे आराखडे काढलेस. एके दिवशी माझ्या ऑफिसात येऊन, पाणीही न पिता म्हणालीस, "माधव, आता माझं घर काढते. बांधायचं तू." मला हसू आलं. तीस वर्षं मी सिमेंट आणि सळया यांच्याशिवाय कशाला हात लावला नव्हता. वारज्यात मी उभ्या केलेल्या इमारतींबद्दल तुझं मत सगळ्या नातेवाइकांना पाठ होतं. "माधवच्या बिल्डिंगा म्हणजे रांगेत लावलेले मायक्रोवेव्ह. आत माणूस ठेवायचा, दार लावायचं." लग्नकार्यात, पंगतीत, कुठेही तू हे म्हणायचीस आणि मग मलाच जास्तीची जिलबी वाढायला सांगायचीस.

"मी का? तुला मातीत काम करणारे दुसरे मिळतील की," मी म्हणालो.

"मिळतील. पण त्यांच्याशी मला भांडता येणार नाही."

जमीन घेतल्यावर वर्षभर तू कागदावर एक रेघ मारली नाहीस. मला ते वेड वाटायचं. प्लास्टिकची खुर्ची टाकून तू त्या उतारावर दिवसभर बसायचीस. ऊन कुठून येतं, जांभळाची सावली किती वाजता कुठे पोचते, वारा कधी फिरतो हे सगळं वहीत लिहायचीस. भर पावसात रेनकोट घालून बसलीस तेव्हा गावातली पोरं बघायला जमली होती. मी चिडून म्हणालो, "हे सगळं आता मोबाइलवर कळतं." तू म्हणालीस, "हो, पण मोबाइल भिजत नाही."

वर्षानंतर जो नकाशा समोर ठेवलास तो मात्र मी चहा गार होईपर्यंत बघत राहिलो. लांबट, एका खोलीच्या रुंदीचं घर, उताराला आडवं, त्यामुळे जमीन फारशी कापायची नव्हती. जोतं तिथल्याच दगडाचं. जांभूळ वाचावं म्हणून स्वयंपाकघर थोडं वळवलेलं. ईशान्येला मोठ्या काचेच्या खिडक्या, तुझं कामाचं टेबल तिथे. ओट्याखाली पावसाच्या पाण्याची टाकी, छपरावर सोलर, न्हाणीचं पाणी कर्दळीच्या वाफ्यात. आणि पश्चिमेला, जिकडून खोऱ्यातला पाऊस आडवा येतो, तिकडे दीड फूट जाडीची कच्च्या विटांची मातीची भिंत. जवळजवळ बिनखिडकीची. तिच्यावर चुना-मातीचा गिलावा, वर खोल वळचण. दुपारचं ऊन तिनं अडवायचं, पाऊस तिनं झेलायचा. सगळ्या घराचा भार त्या भिंतीच्या शहाणपणावर होता.

मी म्हणालो, "बाकी सगळं कर. पश्चिमेची भिंत मला काँक्रीटची करू दे."

"मग उरलेलं कशाला करायचं?"

हा आपला वाद तेव्हा सुरू झाला आणि तो संपला नाही.

बबनरावांशीही तुझा वाद होताच, पण तो वेगळ्या जातीचा. ते पिढीजात गवंडी, त्यांच्या आजोबांनी त्या गावातली निम्मी मातीची घरं बांधलेली. आणि ते स्वतः मात्र गावात स्वतःसाठी स्लॅबचं घर बांधत होते. तू विचारलंस तर म्हणाले, "ताई, दरसाल भितीला लिंपायचं, दरसाल छप्पर शाकारायचं, आयचं हात फुटल्यालं बगितल्यात म्या. तुमची ही हौस हाय. आमची स्लॅब म्हंजी सुटका हाय."

मला वाटलं, आता तू व्याख्यान देणार. तू उलट मान डोलावलीस. मग म्हणालीस, "तुमचं बरोबर आहे. म्हणूनच मला हे घर आजचं करायचंय. आत गीझर असेल, इंटरनेट असेल, आणि दरसाल कुणाच्या आईला लिंपायला लागणार नाही. माती म्हणजे गरिबी नाही, हे डोळ्यांना दिसलं पाहिजे. नाहीतर तुम्ही मला हसा." बबनराव म्हणाले, "हासंन की." आणि त्या दिवसापासून ते तुझे झाले.

मला ताई, तुझा हा गुण कधी जमला नाही. समोरच्याचं बरोबर आहे असं म्हणून वाद पुढे न्यायचा. शनिवार पेठेतल्या आपल्या दोन खोल्यांत मी इंजिनिअरिंगची ड्रॉइंग शीट फाडून टाकायचो तेव्हा तू तुकडे जुळवून म्हणायचीस, "ही रेघ चांगली आहे, हिच्यापासून सुरू कर." मी डिप्लोमाच्या पहिल्याच वर्षी घरी बसलो नाही, ते तुझ्यामुळे. हे तुला कधी बोललो नाही. असलं काही आपल्याकडे बोलत नाहीत.

आता जे घडलं ते सांगतो.

मे महिन्यात तू आठ दिवस नागपूरला शिकवायला गेली होतीस. भिंत उभी राहिली होती, गिलावा सुरू व्हायचा होता. तू प्रमाण लिहून दिलं होतंस. चाळलेली लाल माती, मुरवलेला चुना, भाताचं तूस, गूळ आणि हिरड्याचं पाणी. त्या आठवड्यात मी साइटवर एकटाच होतो. एक दिवस दुपारी आभाळ भरून आलं, वारा सुटला आणि पश्चिमेकडून धुळीचा लोट त्या भिंतीवर आदळला. पाऊस पडला नाही. पण मी त्या भिंतीकडे बघत उभा राहिलो आणि मला ती कोसळताना दिसली. आत तू, अठ्ठावन्न वर्षांची, एकटी, आणि जवळचं चांगलं हॉस्पिटल तासाभरावर.

मी बबनरावांना म्हणालो, "पहिल्या थरात सिमेंट घाला."

त्यांनी हातातलं घमेलं खाली ठेवलं. "ताईस्नी इचारलं का?"

"मी सांगतोय ना."

"सायेब, मातीला श्वास लागतो. सिमिट तिचं नाक दाबतंय."

"बबनराव, तीस वर्षं मी हेच करतोय."

त्यांनी केलं. लाल मातीत मुरलेलं सिमेंट दिसत नाही. त्यावर तुझ्या प्रमाणाचा बारीक थर दिला. तू नागपूरहून आलीस, भिंतीवरून हात फिरवलास आणि म्हणालीस, "सुरेख झालंय रे." मी मनात म्हटलं, झालं, आता ही बाई सुखाने राहील.

काळजीपोटी केलं, असं मी स्वतःला सांगत होतो. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. मला जिंकायचंही होतं. तुझं घर पन्नास वर्षं उभं राहिलं असतं, लोकांनी तुझं कौतुक केलं असतं, आणि ते कशामुळे उभं आहे हे फक्त मला माहीत असतं. एवढं मला पुरलं असतं.

ऑगस्टमध्ये भिंतीनं फुगे धरले.

तू फोन केलास तेव्हा तुझा आवाज ताप आल्यासारखा होता. मी पोचलो तर तू छत्री न घेता भिंतीसमोर उभी. गिलाव्याला ठिकठिकाणी पोकळ फुगवटे, बोट लावलं की पापुद्रा सुटायचा, आतून ओल. कारण मला एका नजरेत कळलं. सिमेंटच्या थराला केसाएवढे तडे गेले होते, त्यातून पाणी आत शिरलं होतं आणि बाहेर पडायला त्याला वाट नव्हती. तुला कळलं नाही. कळणार कसं? जे आपण घातलंच नाही ते कुणी शोधत नाही.

तरी तू एकदा विचारलंस. आठवतं? बबनराव शेजारीच होते. तू पापुद्रा तळहातावर घेऊन चुरडलास. म्हणालीस, "माधव, यात दुसरं काही पडलं नाही ना?"

मी म्हणालो, "नाही."

बबनरावांनी मान खाली घातली. तू म्हणालीस, "मग माझंच चुकलं."

त्यानंतरचे तीन महिने मी तुला बघत होतो. तू सात वेगवेगळ्या प्रमाणांचे नमुने करून ओळीने उभे केलेस, त्यांच्यावर झारीने पाणी घालत बसायचीस. कधी चुना कमी मुरला असेल म्हणायचीस, कधी चिकणमातीचा अंश जास्त झाला असेल. गावातले लोक येऊन बघून जायचे. एक म्हातारा म्हणाला, "मातीच ती. फुगनारच." तू त्यालाही म्हणालीस, "बरोबर आहे तुमचं." पण या वेळी वाद पुढे नेला नाहीस. एरवी जेवताना माझ्या इमारतींवर बोलायचीस, ते बंद झालं. मला त्या टोमण्यांची वाट बघायची वेळ आली. एकदा तर मी मुद्दाम म्हणालो, "नवीन मायक्रोवेव्ह काढतोय वारज्यात, तेरा मजल्यांचा." तू म्हणालीस, "काढ. निदान तो कोरडा राहील."

तेव्हा सांगायला हवं होतं. रोज ठरवायचो. मग वाटायचं, दिवाळी होऊ दे. मग वाटलं, नवा गिलावा करताना हळूच सिमेंटचा थर काढून टाकू, भिंत सुधारेल, विषय संपेल, कुणाला काही कळायला नको. मला माझी चूक दुरुस्त करायची होती, पण कबूल करायची नव्हती.

दिवाळी झाली आणि काही दिवसांतच तुझ्या छातीत दुखायला लागलं. हॉस्पिटलमध्ये तू शुद्धीवर होतीस. दुपारी दहा मिनिटं आत सोडलं. तुझ्या हाताला सलाइन, आवाज बारीक. तू विचारलंस, "बबनरावांनी माती चाळली का?" मी म्हणालो, "चाळली." मग मी तुला सेप्टिक टँकच्या झाकणाबद्दल सांगत बसलो, ताई. झाकण बिडाचं घ्यायचं की फायबरचं. दहा मिनिटांतली सात मी त्यात घालवली. डॉक्टरांनी बजावलं होतं, पेशंटला ताण देऊ नका. ते वाक्य मला इतकं उपयोगी पडलं की मी ते जवळजवळ कृतज्ञतेनं पाळलं. दुसऱ्या दिवशी तू गेलीस.

तुझी शोकसभा कर्वेनगरला सोसायटीच्या हॉलमध्ये झाली. तुझे विद्यार्थी पुष्कळ आले होते, खुर्च्या कमी पडल्या. तुझ्याकडे चार वर्षं काम केलेली ऋतुजा बोलायला उभी राहिली. यवतमाळची ती, बोलताना हात फार हलवणारी. म्हणाली, "मॅडमची सगळ्यात ग्रेट गोष्ट म्हणजे त्यांची ऑनेस्टी. गेल्या महिन्यात त्यांनी मला बोलावून सांगितलं, ऋतुजा, इतकी वर्षं मी मुलांना शिकवलं ते पावसाळी भागात चालत नाही. माझ्याच घरानं मला खोटं पाडलं. तू तुझ्या प्रोजेक्टमधून मातीची भिंत काढून टाक. एवढ्या मोठ्या आर्किटेक्टनं स्वतःची चूक अशी मान्य करणं, आय मीन, किती लोक करतील?"

हॉलमध्ये सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी डोळे पुसले.

तू हे ऋतुजाला सांगितलंस, हे मला तेव्हा कळलं. जी चूक तू केलीच नव्हतीस, ती मान्य केल्याबद्दल लोक तुझं कौतुक करत होते. मी कधी उठलो ते आठवत नाही. वृंदानं माझा सदरा ओढला एवढं आठवतं. मी म्हणालो, "थांबा. ताईची भिंत चुकली नव्हती. तिच्या नकळत मी गिलाव्यात सिमेंट घातलं. तिनं विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. ती जाताना स्वतःला चुकीची समजून गेली, ते माझ्यामुळे."

पंखे फिरण्याचा आवाज येत होता. पुण्याच्या हॉलमध्ये इतके लोक आणि एकालाही मत नाही, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

बाहेर चपला शोधताना ऋतुजा समोर आली. डोळे लाल.

"सर, मी काढून टाकली भिंत. मॅडमच्या सांगण्यावरून. क्लायंटला पण कन्व्हिन्स केलं."

"परत घाल."

"तुमच्या शब्दावर?" ती म्हणाली. "आधी मला भिंत दाखवा."

तिचं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही गिलावा उतरवायला लागलो. मी, बबनराव, ऋतुजा. सिमेंटचा थर सुटा व्हायला तयार नव्हता. छिन्नीनं काढावा लागला आणि काढताना जिथे हात जड पडला तिथे विटांचे टवके उडाले. माझ्या तळहातांना फोड आले. तीस वर्षांत मी साइटवर बोट दाखवण्यापलीकडे काही केलं नव्हतं, हे बबनरावांनी मला सांगितलं नाही, पण एक जुनं फडकं हातावर बांधायला दिलं.

तुला खरं तेच सांगतो. सगळी भिंत धड निघाली नाही. जोत्याजवळ, नैऋत्येच्या कोपऱ्यात, साधारण सूपभर जागेतल्या विटांचा चिखल झाला होता. हात घातला तर मऊ लागल्या. तो चिखल मी ओंजळीत घेऊन बसलो आणि मला उठवेना. ऋतुजा शेजारी येऊन बसली. म्हणाली, "बाकीची सॉलिड आहे, सर." पहिल्यांदाच ती माझ्याशी थोडं मऊ बोलली.

भिंत उघडी ठेवली. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. ऋतुजा दर रविवारी ओल मोजायचं यंत्र घेऊन यायची, खडूनं भिंतीवर आकडे लिहायची. आकडे उतरत गेले. कोपऱ्यातल्या विटा बबनरावांनी नव्या पाडून बसवल्या. मग प्रश्न आला, गिलाव्याचं प्रमाण कोणतं? तुझ्या वहीत शेवटचे सात नमुने, प्रत्येकापुढे प्रश्नचिन्ह. मी फोन हातात घेतला आणि तुझं नाव शोधायला लागलो. स्क्रीनवर तुझं नाव आल्यावर कळलं मी काय करतोय ते. ऋतुजानं वही माझ्या हातातून घेतली, मागची पानं उलटली आणि मे महिन्यातलं, तुझ्या नागपूरच्या आधीचं पान काढलं. "हेच," ती म्हणाली. "यात मॅडम शुअर होत्या."

तिच्या त्या प्रोजेक्टला मात्र उशीर झाला होता. मी स्वतः तिच्या क्लायंटकडे गेलो, वारज्यातच राहतात, नवरा-बायको दोघंही आयटीत. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा दिला. तो मुलगा म्हणाला, "काका, पटतंय, पण आता भट्टीच्या विटा येऊन पडल्यात आणि फाउंडेशन झालंय." मी मान हलवली. तुझ्या शब्दावरून जे एक घर बदललं ते बदललंच. ते मला परत करता आलं नाही. त्या दोघांना उन्हाळ्यात भिंत तापेल तेव्हा आठवणारही नाही की ती माझी आहे.

तुझ्या या घरात राहणार कोण, तेही ठरलेलं नाही. वृंदा म्हणते विकून टाका. ऋतुजा म्हणते मुलांना शिकवायला ठेवा. रात्री जेवताना मी एकीला हो म्हणतो, सकाळी दुसरीला. मला इतकंच कळतं की घराची पश्चिमेची खोली दुपारी तीनला, बाहेर ऊन रखरखत असताना, थंड असते. मी तिथे उभा राहतो. तुला सांगावंसं वाटतं, आणि मग मी परत ओट्यावर येतो, परत आत जातो.

काल गिलाव्याचा शेवटचा हात झाला. बबनरावांनी थापी धुतली, हात धुतले आणि येऊन ओट्यावर बसले. मला म्हणाले, "सायेब, तुमी सभेत सांगितलंत. पोरीला सांगितलंत, त्या वारज्याच्या लोकास्नी सांगितलंत. मानूस येवढं करत न्हाय. पन खरं बोलू का?"

"बोला."

"हे ताईस्नी सांगाया पायजे व्हतं."

ते उठून गेले. मी ओट्यावर ऊन जाईपर्यंत बसून राहिलो आणि आज सकाळी हा कागद घेतला.

ताई, सिमेंट मी घातलं होतं. तुझं काही चुकलं नव्हतं. भिंत वाळली आहे.